बटाटे गोठवायची रात्र

जूनमध्ये आमच्या पठारावर हिवाळा.
आई गवतावर बटाटे पसरते,
एकाला दुसऱ्याचा धक्का लागू देत नाही,
मग गाल वर करून आभाळ चाचपते.
मी तापमापी काढते. ती हसते.
"आज जमेल. आज वर कुणी नाही."

वर कुणी नाही म्हणजे ढग नाही, वाफ नाही.
समुद्रापासून चार हजार मीटर चढून आल्यावर
हवा उरते ती अशीच,
लग्न उरकल्यावर मांडवात उरतात तेवढी माणसं.

दिवसभर दगडांनी ऊन घेतलं.
आता ते परत करतायत,
तांबड्याच्याही पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात.
खाली, दमट सखल गावांत,
हवा अशा वेळी दारात आडवी उभी राहते:
"एवढ्यात कुठे निघालीस? टेक की जरा!"
आणि ऊब अर्ध्या वाटेवरून माघारी फिरते.
इथे आग्रह करायला कोण आहे?
इथली ऊब "येते" म्हणत नाही.
सरळ जाते.

पहाटे तीन. उणे अकरा.
बटाट्यावर नख मारलं तर गारगोटीसारखा वाजतो.
उन्हं आली की अनवाणी तुडवायचा,
टाचेखाली त्याचं पाणी फुटतं,
ते आपल्या हाडांपर्यंत चढतं.
असं रात्रीमागून रात्र. मग तो होतो चुन्यो,
काळा, हलका, वर्षानुवर्षं टिकणारा.
दामासोमामा तुरुंगातून सुटून आला तेव्हा
आम्ही खाल्ला तो त्याला पकडलं त्या वर्षीचा होता.

संध्याकाळी पश्चिमेला उरुरी चमकत होती.
ला पासला मी तिच्याच हवेचा अभ्यास करते,
आईला हे अजून नीटसं पटलेलं नाही.
"तिथे बटाटे गोठतात?"
"तिथे शिसं वितळतं."
"सूर्याला जवळ ना."
"तेवढ्याने नाही. तिचे ढग बहुतेक ऊन
उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवतात.
जमिनीला आपल्यापेक्षा कमी मिळतं.
पण जे आत शिरलं त्याला निरोप मिळत नाही.
हवा इतकी दाट, इतका तिचा आग्रह,
की दिवसा चारशे साठ आणि रात्रीही चारशे साठ."
आई बराच वेळ सुतळी वळत राहिली.
मग म्हणाली, "अशा घरात मी सून होते."

मंगळाचं मात्र तिला लगेच कळलं:
भर दुपारी उभं राहावं
तर घोट्याशी वसंत आणि कानाशी बर्फ,
आणि सूर्य बुडाला की काहीच नाही.
"हे तर आपलंच," ती म्हणाली, "अजून थोडं वर चढून गेल्यावर."

तिसऱ्या रात्री ढग आले.
पातळच होते, चंद्र त्यातून पिवळट दिसत होता.
कुत्रं अंगणात पाय ताणून झोपलं.
मध्यरात्री अधिक दोन.
अर्धे गोठलेले बटाटे सैल पडले,
सकाळी त्यांना ओल्या चपलेसारखा वास होता.

माझ्या वहीत एक ओळ आहे:
हवेचा हा आग्रह नसता
तर पृथ्वी सरासरी उणे अठरा असती,
समुद्र गोठलेले, आणि हे वाचायला कुणी नसतं.
नासके बटाटे वेचताना
मी आईला ती वाचून दाखवली नाही.
खरं काय ते तिच्या हातात होतं, बुळबुळीत.
तीही कुणावर रागावली नाही.
फक्त म्हणाली, पूर्वी असे ढग
कामाच्या रात्री येत नसत.

चौथ्या रात्री आम्ही दोघी अंगणात.
तिने गाल वर केला, थांबली,
पुन्हा केला.
वर कुणी होतं की नव्हतं,
तिच्या गालाला सांगता येईना.

"बघ गं," ती म्हणाली,
"तुझी ती काच काय म्हणते."